तबकडी फेक, चालायला लाग

डिस्क गोल्फ म्हणजे काय हे पुण्यात कुणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'म्हणजे ते बड्या लोकांचं गोल्फ का?' छे हो! पांढरे हातमोजे नाहीत, क्लबची मेंबरशिप नाही, काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी नाही. फ्रिस्बी माहितीय ना? तिचीच चुलत बहीण. आकाराने लहान, अंगाने घट्ट आणि कडेला निमुळती. ती फेकत फेकत पुढे न्यायची आणि शेवटी लोखंडी खांबावरच्या टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा जोर जातो आणि ती खाली टोपलीत पडते. त्या वेळी जो खळ्ळकन आवाज होतो ना, त्यासाठी माणसं पहाटे उठतात. किती थ्रोमध्ये टोपली गाठली तो तुमचा स्कोअर. जितका कमी तितका भारी. अशा अठरा टोपल्या. बस्स, एवढाच फंडा.

दुसरा प्रश्न पैशांचा. माझ्यासारख्या फ्रीलान्सरच्या एकदम जिव्हाळ्याचा! अमेरिकेत बरेचसे कोर्स सरकारी पार्कात असतात आणि तिथे खेळायला दमडी पडत नाही. एक डिस्क साधारण दहा ते वीस डॉलरला येते, सुरुवातीला तीन पुरतात, जुन्या घेतल्या तर आणखी स्वस्त. बूट तुमचेच. टी-शर्ट कुठलाही चालतो. खरं तर जितका विटका तितका मान जास्त.

तिसरा प्रश्न माझ्या आईचा. थेट पुण्याहून, फोनवर. 'नोकरी गेलेल्या माणसाने रोज सकाळी उठून खेळायला जायचं? हे कुठलं शहाणपण?'

ही गोष्ट २०२३च्या सप्टेंबरातली. माझा दादा तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये राहायचा. बँकांचं शहर, म्हणून आयटीवाल्यांचं शहर, म्हणून आपल्या लोकांचंही शहर. माझं तिकीट मे महिन्यातच काढून झालं होतं. महिनाभर राहायचं, भाचीला कडेवर घेऊन फिरायचं, वहिनीच्या हातचं खायचं असा आरामशीर बेत. मी पोचायच्या बारा दिवस आधी दादाच्या टीमला एका मीटिंगचं बोलावणं आलं. पंधरा मिनिटांची मीटिंग. ती संपायच्या आतच त्याचा लॅपटॉप लॉक झाला होता.

ज्यांच्या घरात कुणी एच-वन-बीवर आहे त्यांना पुढचं सांगायला नकोच. बाकीच्यांसाठी सांगते. नोकरी संपली की हातात जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल करायला हवा. नाहीतर दुसऱ्या कुठल्यातरी व्हिसाची खटपट करा, नाहीतर सामान बांधा. वहिनी एच-फोरवर, म्हणजे तिचं तिथलं राहणंही दादाच्याच व्हिसाला बांधलेलं. भाची तीन वर्षांची, जन्माने अमेरिकन. त्या घरात कायमचं राहायचा हक्क असलेली ती एकटीच, आणि तिला त्याचं काडीचंही पडलेलं नव्हतं. फ्रिजवर कॅलेंडर होतं. वहिनी रोज रात्री एक फुली मारायची. मी पोचले त्या रात्री बारावी फुली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बघते तर दादा खांद्याला पिशवी अडकवून दारात. आत पंधरा-वीस रंगीबेरंगी तबकड्या, पाण्याची बाटली, एक कळकट टॉवेल. मी वहिनीकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत म्हणाली, 'मीच पाठवते गं त्याला. पहिला आठवडा तो सकाळी सहापासून लॅपटॉपसमोर बसला होता. दर दोन मिनिटांनी मेल रिफ्रेश. कंपन्यांची ऑफिसं उघडायच्या आत काय येणार आहे मेल? मी म्हटलं, सात ते दहा तू मला या घरात दिसायचा नाहीस.' मग माझ्याकडे वळून, 'तूही जा. त्याच्याबरोबर.'

तर अशी मी गेले.

रीडी क्रीक पार्क. नाव पार्क, पण आहे चक्क जंगल. उंच सरळसोट पाइन, ओक, मध्ये वाहणारा ओढा, आणि पायाखाली आपल्या कोकणासारखी तांबडी माती. दादाने पहिल्यांदा खेळाचे नियम सांगितले नाहीत, एक झुडूप दाखवलं. तीन-तीन पानांची जुडी. पॉयझन आयव्ही. तबकडी त्यात गेली तर काठीने काढायची. हात लागला तर आठवडाभर खाज. शिवाय कॉपरहेड नावाचे साप पालापाचोळ्यात असतात, तेव्हा 'बघून पाय टाक'. म्हटलं, वा! लोक सुट्टीत डिस्नेलॅण्डला जातात.

पण एकदा का खेळ बघायला लागलं की माणूस अडकतो, हे मात्र खरं. कारण ही तबकडी सरळ जातच नाही. उजव्या हाताने, छातीजवळून बाहेर झटका देऊन फेकली की ती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरत निघते. वेग जास्त असतो तोवर थोडी उजवीकडे झुकू बघते, वेग कमी झाला की डावीकडे वळते आणि उतरते. म्हणजे समोर झाड असेल तर त्याला वळसा घालून पोचता येतं! कुठली डिस्क किती वळणार यासाठी कंपन्या तिच्यावर चार आकडे छापतात. वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. 'लेपर्ड'वर ६, ५, उणे २, १. 'डिस्ट्रॉयर'वर १२, ५, उणे १, ३. दादाला हे आकडे असे पाठ, जसे आमच्या बाबांना रणजीचे स्कोअर. नवशिका नेहमी डिस्ट्रॉयरच्या मोहात पडतो म्हणे, कारण आकडा मोठा. आणि ती त्याच्या हातून डावीकडे गोता मारून पंचवीस पावलांवर पडते. कारण त्या डिस्कला लागतो तेवढा वेग आपल्या मनगटात नसतो. दादा मला म्हणाला, 'तू पटर घे. सावकाश फेक.' पटर म्हणजे टोपलीजवळ वापरायची साधी, जाडसर डिस्क. मी पटर घेतला, सावकाश फेकला, आणि तो सात फुटांवरच्या पाइनला जाऊन धडकला. खाड्!

'झाडात नव्वद टक्के हवाच असते,' दादा म्हणाला. हा गोल्फवाल्यांचा जुना जोक, डिस्कवाल्यांनी ढापलेला. पुढच्या महिन्याभरात मी तो किमान दहा जणांकडून ऐकला. दर वेळी सांगणारा नव्याने हसायचा.

मग नियम. डिस्क जिथे थांबते तिथे पुढच्या कडेला एक छोटी खुणेची चकती ठेवायची, मोठी उचलायची आणि त्या चकतीच्या मागे पाय ठेवून पुढचा थ्रो करायचा. झुडपात असाल तर झुडपात, उतारावर असाल तर उतारावर. आपली पाळी आली की विचार करायला तीस सेकंद. टोपलीपासून सगळ्यात लांब जो असेल त्याचा नंबर आधी. दुसरा फेकत असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, त्याच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही. यातला शेवटचा नियम आपल्याकडच्या ऑफिसांतही आणायला हरकत नाही.

या सगळ्याचा जनक एड हेड्रिक. हा माणूस व्हॅम-ओ या कंपनीत होता, फ्रिस्बी बनवणाऱ्या. फ्रिस्बीवरच्या त्या बारीक गोल रेघा आहेत ना, ज्यामुळे ती हवेत स्थिर राहते, त्याचं पेटंट याचं, १९६७चं. त्याआधीही लोक तबकड्या फेकून गोल्फ खेळतच होते. झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा, दिसेल ते लक्ष्य. हेड्रिकने १९७५मध्ये लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह इथे पहिला कायमचा कोर्स उभारला. तिथे आधी नुसते खांब होते. पण खांबाला डिस्क लागली की नाही यावरून भांडणं! मग त्याने साखळ्यांची टोपली काढली. आवाज आला, डिस्क आत बसली, वाद मिटला. १९७६मध्ये त्याने व्यावसायिक खेळाडूंची संघटना काढली, पीडीजीए. तिच्यात प्रत्येक सभासदाला नंबर मिळतो. एक नंबर अर्थातच त्याचा. पुढे १९८३मध्ये डेव्ह ड्युनिपेस नावाच्या गृहस्थाने डिस्कची कड निमुळती केली आणि ती फ्रिस्बीपेक्षा कितीतरी लांब जायला लागली. आजची सगळी मंडळी त्या कडेवर जगतात.

आणि हेड्रिकचा शेवट तर ऐकाच. २००२मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या! काही घरच्यांना, मित्रांना दिल्या, काही त्याच्या नावाच्या संग्रहालयासाठी विकल्या. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाली, 'आपली गोदावरी बरी.'

आईचा फोन रोज यायचा. तिकडे संध्याकाळचे सात, दिवा लावून झाला की. इकडे सकाळचे साडेनऊ, आणि आम्ही कुठल्यातरी पंधराव्या टोपलीपाशी. एकदा दादा बोलत असतानाच मागे कुणाची तरी डिस्क साखळ्यांवर आदळली. आई खूश! 'देवळात आहेस का रे? घंटा वाजली.' दादाने माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. 'हो, जवळच आहे,' तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी भाचीने व्हिडीओ कॉलवर सगळं फोडलं. 'बाबा थ्रोज फ्रिस्बी!' आणि मग तो तिसरा प्रश्न आला.

त्याचं उत्तर दादाने आईला कधी दिलं नाही. मला जे दिसलं ते सांगते.

एकोणीस सप्टेंबरला गणपती होते. म्हणजे दिवस चौदावा. मंडळाने हॉल घेतला होता, मखर मस्त, उकडीचे मोदक (फ्रोझन नव्हेत, शपथ!), लहान मुलं फेटे बांधून. आरती झाली, प्रसाद झाला आणि मग पेपर प्लेट हातात धरून गप्पा. तुम्हाला माहीतच आहेत त्या. 'काय मग, सध्या कुठे?' 'प्रोजेक्ट कसं चाललंय?' 'ग्रीन कार्डचं काय झालं?' दादा प्रत्येकाला हसून म्हणत होता, 'तिथेच. चाललंय. बघू.' दीड तासात अकरा जणांना. मी मोजले. गाडीत बसल्यावर तो स्टिअरिंगवर हात ठेवून जरा वेळ तसाच बसला. वहिनीही काही बोलली नाही. भाची मागे तिच्या खुर्चीत 'सुखकर्ता' म्हणत होती, तिच्या चालीत.

आणि दोनच दिवसांनी, गुरुवारी सकाळी, रीडी क्रीकवर आमच्या मागून तिघे जण आले. एक लांब दाढीवाला प्लंबर, एक हॉस्पिटलात रात्रपाळी करून थेट आलेला नर्स, एक कॉलेजचा पोरगा. 'एकत्र खेळायचं का?' हे तिथे सर्रास चालतं. तिसऱ्या टोपलीकडे चालताना प्लंबरने सहज विचारलं, 'आज सुट्टी?' आणि दादा म्हणाला, 'लेऑफ झालो. सोळा दिवस झाले. चव्वेचाळीस राहिलेत.' म्हणजे सगळं सांगून टाकलं! व्हिसा, वहिनी, पोरगी. प्लंबरने ऐकून घेतलं. 'फारच वाईट झालं, यार,' म्हणाला. दोन पावलं चालला. मग म्हणाला, 'तू लांब आहेस. तुझा थ्रो.'

घरी येताना मी विचारलंच. 'त्या तिघांना सांगितलंस. मंडळात का नाही?'

'ते तिघं उद्या कुणाच्या सासूला फोन करणार नाहीत,' दादा म्हणाला. सिग्नल सुटला. 'आणि त्यांनी उपाय सांगितले नाहीत गं.'

हा मुद्दा मला जाम पटला, पण तो इथेच संपत नाही. पुढे वहिनीने मंडळातल्या एका मैत्रिणीला न राहवून सांगितलं आणि शेवटी कामाचा रेफरन्स मिळाला तो तिच्या नवऱ्याकडूनच. प्लंबरकडून मिळाली एक जुनी नारिंगी डिस्क. दोन्हीचा हिशोब मी एका वहीत मांडायला जात नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिथे डबल्स असायचे. पाच डॉलर द्यायचे, चिठ्ठी काढून जोड्या लावायच्या. त्यातला एक डॉलर वेगळ्या डब्यात. कुणी पहिल्याच थ्रोला टोपलीत टाकली की त्याला एस म्हणतात, आणि एस मारणारा तो डबा उचलतो. कुणी मारला नाही तर पैसे पुढच्या आठवड्यावर. आपल्या भिशीची अमेरिकन मावशी! शिवाय बॅग टॅग. क्लबमधल्या प्रत्येकाच्या पिशवीला एक नंबर लटकलेला. खेळ झाला की त्या गटातल्या सगळ्यांचे टॅग गोळा करायचे, आणि ज्याचा स्कोअर सगळ्यात कमी त्याला सगळ्यात लहान नंबर. दादाचा मी गेले तेव्हा ६१ होता. पंधरा दिवसांत ३८. एका रात्री तो २२ घेऊन आला, आणि वहिनीने भाचीला सांगितलं, 'बाबांचा रोल नंबर बदलला.' त्या महिन्यात त्या घरातला एकच आकडा योग्य दिशेने सरकत होता. फ्रिजवरचा नव्हे.

माझी चिठ्ठी निघाली एका निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर आजोबांबरोबर. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर उन्हाने पांढरट झालेली टोपी, पिशवीत फक्त चार डिस्क. दोघांनी फेकायचं आणि दोन्हींपैकी जी डिस्क बऱ्या जागी पडली असेल तिथून पुढे खेळायचं, असा तो प्रकार. म्हणजे माझ्या हातून काहीही झालं तरी आजोबांची डिस्क वाटेच्या मधोमध असायचीच. त्यांनी एकही थ्रो जोरात केला नाही. मी काय करते, कुठून आले, किती दिवस राहणार, काहीही विचारलं नाही. सहाव्या टोपलीवर एकच प्रश्न, 'हातात कुठली डिस्क आहे?' मी म्हटलं, दादाची. ते म्हणाले, 'चांगली आहे.' अकराव्या टोपलीवर त्यांचा पंधरा फुटांवरून चुकला, माझा गेला. खळ्ळ! मी अक्षरशः किंचाळले, शेजारच्या वाटेवरचं हरीण उडी मारून पळालं. आजोबांनी मूठ पुढे केली. आम्ही शेवटून तिसरे आलो.

आता सगळंच गोडगोड आहे असं समजू नका. त्या मंगळवारी बावीस जण होते, त्यात बाई मी धरून दोन. दुसरी म्हणाली, पहिल्या वर्षी तिला प्रत्येक पुरुषाने मनगट कसं फिरवायचं हे न विचारता शिकवलं. वीकएण्डला दुपारी काही गटांकडे डिस्कपेक्षा बिअरचे कॅन जास्त असतात, आणि हवेत जो वास असतो तो उदबत्तीचा नसतो. टोपलीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या झाडांची साल डिस्का बसून बसून सोललेली दिसते, तीही मला बघवली नाही. पण त्याच वाटांवर रविवारी तीच माणसं फावडी घेऊन लाकडाचा भुसा पसरताना, पडलेली फांदी करवतीने कापताना दिसतात. फुकट. वेळापत्रकाच्या कागदावर कुणाचं नावही नसतं.

डिस्क हरवण्याची मात्र वेगळीच दुनिया आहे. ओढ्यात, पानांत, काट्यांत. सव्विसाव्या दिवशी दादाची लाडकी हिरवी लेपर्ड ओढ्यात गेली. चार वर्षं वापरून वापरून अगदी मऊ झालेली. जुनी डिस्क नवीपेक्षा वेगळी उडते, म्हणून तिची जागा दुसरी घेऊ शकत नाही असं हे लोक मानतात. पाऊण तास आम्ही चिखलात पाय घालून शोधलं. दोरीला बांधलेला एक आकडा मिळतो, तबकडी पाण्यातून ओढून काढायला. त्याचं नाव चक्क 'गोल्डन रिट्रीव्हर'! तोही लावून झाला. नाहीच. दादा घरी आला, दहाला लॅपटॉप उघडला. एका कंपनीच्या तीन फेऱ्या झालेल्या होत्या, चौथीची वाट बघत होता. मेल आला होता. 'आम्ही दुसऱ्या उमेदवारासह पुढे जायचं ठरवलं आहे.'

त्या रात्री अकरा वाजता मी पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये अंधारात फोनचा उजेड. दादा एक क्लिप बघत होता. मला शेजारी बसवून त्याने पुन्हा पहिल्यापासून लावली. जून २०२१, ऑग्डेन, युटा, जागतिक स्पर्धेची शेवटची टोपली. पॉल मॅकबेथ एका थ्रोने पुढे. हा मॅकबेथ म्हणजे या खेळातला तेंडुलकर. त्याच वर्षी एका डिस्क कंपनीने त्याच्याशी दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार केला होता. त्याची डिस्क टोपलीच्या बेतात पोचलेली, काम झालेलंच. जेम्स कॉनरॅड नावाचा लांब केसांचा पोरगा मात्र २४७ फुटांवर. इथून गेली तरच बरोबरी. तो फेकतो. डिस्क झाडांच्या मधून डावीकडे वळत येते, येते, आणि साखळ्या. लोक वेडे होतात. कॉनरॅड मग प्लेऑफही जिंकतो. दादाने ती चार वेळा लावली. म्हटलं, आता काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, 'मॅकबेथचा चेहरा बघ. तो टाळ्या वाजवतोय.' आणि फोन बंद करून झोपायला गेला.

ऑक्टोबरात तो मला रॉक हिलला घेऊन गेला. शार्लटहून गाडीने अर्धा-पाऊण तास, पण राज्य बदलतं, साउथ कॅरोलायना. तिथल्या विन्थ्रॉप विद्यापीठाच्या मैदानावर १९९९पासून यूएस चॅम्पियनशिप भरते. घरी डिस्क शोधायला चिखलात उतरणारी माणसं आणि इथे दोरीपलीकडे टीव्हीचे कॅमेरे! सतराव्या टोपलीभोवती गवताच्या गठ्ठ्यांची भिंत रचतात, बेट केल्यासारखी. आत पडली तर ठीक, बाहेर पडली की दंड. आम्ही दोन तास तिथेच बसलो. जगातले उत्तमोत्तम खेळाडू येत होते आणि त्यातल्या कितीतरी जणांची गठ्ठ्याला लागून बाहेर पडत होती. प्रत्येक वेळी गर्दीतून एक हळहळ. कुणीही हुर्यो केली नाही. आमच्यापुढे एक बाप सात-आठ वर्षांच्या मुलीला हळू आवाजात समजावत होता की त्याला आता पुन्हा फेकायचंय, म्हणून आपण गप्प बसायचं. दादाने त्या दिवशी फोन गाडीतच ठेवला होता. मुद्दाम.

मी निघायच्या आदल्या दिवशी दादाला अनोळखी नंबरवरून मेसेज आला. हिरवी लेपर्ड! इथे प्रत्येक जण डिस्कच्या पाठीवर आपलं नाव आणि फोन नंबर मार्करने लिहितो, आणि सापडली तर परत करतो. सगळेच नाही, पण पुष्कळ जण. पाऊस झाला, ओढा फुगला आणि ती दोन वाटा खाली वाहून एका शाळकरी पोराला मिळाली. त्याची आई पार्किंगमध्ये थांबली होती. पोराने डिस्क दिली आणि गंभीरपणे विचारलं, 'ही अजून वळते का?' दादाने त्याला तिथेच फेकून दाखवली. वळली. मग पोराने फेकली. मग अर्थातच दोघं पहिल्या टोपलीकडे गेले आणि त्याची आई आणि मी गाडीला टेकून उभ्या.

मी पुण्यात परतले सतरा ऑक्टोबरला. दोन दिवसांनी, नवरात्राच्या पाचव्या माळेला, रात्री दादाचा फोन आला. दिवस चव्वेचाळिसावा. मिनियापोलिस. पगार थोडा कमी, पण अर्ज लगेच टाकतायत. अर्ज प्रत्यक्ष दाखल झाला तो सत्तावन्नाव्या दिवशी, आणि मधले तेरा दिवस वहिनीने फुल्या मारणं थांबवलं नव्हतं. बाबांनी नकाशा काढून मिनियापोलिस किती उत्तरेला आहे ते बघितलं आणि स्वेटरचा विषय काढला. आईने देवापुढे साखर ठेवली. मग फोन स्वतःकडे घेऊन पहिला प्रश्न, 'तिथे आहे का रे तुझं ते जंगल?'

'भरपूर आहेत,' दादा म्हणाला. 'थंडीतही खेळतात.'

'बर्फात? सापडणार कशी ती?'

दादाने समजावलं की बर्फात डिस्क पार आत घुसते आणि वरून नुसती एक चीर दिसते, म्हणून लोक तिच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने हातभर रिबन लावतात. डिस्क बुडाली तरी रिबन वर राहते. ती धरून ओढायची.

शनिवारी आई तुळशीबागेत गेली होती. परत आली ती पिशवीत सॅटिनच्या रिबनीची सहा रिळं घेऊन. दुकानदाराने पांढरी स्वस्तात लावली होती म्हणे, पण ती तिने घेतली नाही. बर्फात दिसायची नाही म्हणून.